मागच्या रांगेतला प्रश्न

"हा माणूस हरवलाय का हो?" त्या उंच डॅनिश बाईंनी विचारलं तेव्हा मी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. आमच्या बल्गेरियात, प्लोवदिवच्या जुन्या गावात, टेकडीच्या चढावर, परदेशी पाहुण्यांचा कुठलाही गट घेऊन आले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. नाही, म्हटलं, हरवलेला नाही. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून तो कागद दारावर लावतात. चाळीस दिवसांनी पुन्हा लावतात, वर्षाने पुन्हा लावतात, काही घरांत वीस वर्षांनीसुद्धा लावतात. गल्लीने विसरू नये म्हणून. काळी चौकट असेल तर माणूस ख्रिस्ती, हिरवी असेल तर मुसलमान, चिकटपट्टी मात्र दोघांची एकाच दुकानातली. इथे गट हसतो. आजही हसला. मग मी नेहमीसारखा हात मागे केला, "आता हेच गृहस्थ बघा," असं म्हणत वळले, आणि ते गृहस्थ म्हणजे माझा नवरा होता.

ल्युबेन. काळ्या चौकटीत, मिशीसकट, दात दाखवून हसणारा. हसताना त्याचा डावा डोळा मिटायचा, तसा मिटलेला. हा फोटो मी कधी पाहिलेला नव्हता. आणि सांगायला विचित्र वाटेल, मला भलताच आनंद झाला. घरात त्याचे जे फोटो आहेत ते मी ठरवून बघते, बसून, चष्मा लावून. हा मात्र रस्त्यात भेटला, पूर्वी भेटायचा तसा, माझं बोलणं चालू असताना मधेच. मी पुढचं वाक्य बोलले. काय बोलले ते आठवत नाही, पण बोलले असणार, कारण माणसं कॅमेरे सावरत पुढे निघाली. इतकी वर्षं एकच काम केलं की तोंड आपलं आपलं चालतं, आणि माणूस आत मोकळा राहतो. हे सुख आहे की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज त्याला वर्ष झालं. आणि खरं सांगायचं तर वर्षाचे कागद माझ्यापाशीही होते. खांद्यावरच्या पिशवीत, पाण्याच्या बाटलीमागे, गुंडाळी करून रबर लावलेले, सोबत चिकटपट्टीचं नवं रीळ. त्यांच्यावर ओळखपत्रावरचा फोटो आहे, ज्यात ल्युबेन तुरुंगातून नुकताच सुटल्यासारखा दिसतो. ते मी सकाळी पिशवीत टाकले आणि टाकतानाच मला ठाऊक होतं की मी ते लावणार नाही. कारण ह्या गल्लीतल्या दारांवर असे कागद लावायचे नाहीत हा नियम झाला, तेव्हा सभेत उभं राहून त्याच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलणारी मीच होते. आजही म्हणते, नियम बरोबर आहे. दीडदोनशे वर्षांची दारं ही, चिकटपट्टी ओढली की जुन्या निळ्या रंगाची खपली तिच्याबरोबर निघते आणि ती पुन्हा मिळत नाही. घरोघर जाऊन हे समजावून सांगायलाही मलाच पाठवलं होतं, माझी जीभ गोड म्हणून. मग मी कुठल्या तोंडाने माझ्याच नवऱ्याचा कागद त्या दारांवर चिकटवू? आणि न चिकटवला तर संध्याकाळ होईल, दिवस जाईल, आणि ल्युबेनने माझ्याकडे मागितलेली एकच गोष्ट राहून जाईल.

त्याने मागितलीच होती, चेष्टेत का होईना. तो ऑपेराच्या वाद्यवृंदात ट्राँबोन, ते लांब नळीचं फुंकवाद्य, वाजवायचा. ट्राँबोनवाल्यांचं आयुष्य म्हणजे वाट बघणं. इतर लोक घाम गाळत असतात आणि हे तिघे मागे मांडीवर वाद्य घेऊन शब्दकोडं सोडवत बसलेले, शेवटच्या अंकात कुणीतरी मरेपर्यंत. "तुम्हाला वाजवायचा पगार मिळतो," तो पहिल्या व्हायोलिनवाल्यांना म्हणायचा, "आम्हाला वाट बघायचा मिळतो, आणि ते काम जास्त अवघड आहे." फुफ्फुसांचं दुखणं कळल्यावर ट्राँबोन पेटीत गेला. त्यानंतर एकदा बाल्कनीत टोमॅटो चिरता चिरता तो म्हणाला, "तेमे, मी गेलो की माझा कागद तुझ्या गल्लीत लाव. खाली आपल्या इमारतीत मला ओळखतं कोण? लिफ्ट बंद पडली की शिव्या देणारा म्हातारा, एवढीच माझी कीर्ती."

"ती घरं स्मारकं आहेत," मी म्हटलं.

"आणि मी?"

"तू अजून नोंदणी न झालेला अवशेष आहेस."

"मग नोंदणी कर की," तो म्हणाला आणि टोमॅटोवर मीठ घातलं, जरा जास्तच. चाळीस दिवसांचा कागद मी खाली इमारतीच्याच दारावर लावला होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या कपाळावर कुणीतरी वॉशिंग मशीन दुरुस्तीची जाहिरात डकवली. मी ती काढली तर जाहिरातीबरोबर त्याचं कपाळही आलं. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले, आणि ज्या कामगाराने ती डकवली त्याच्यावर नाही, स्वतःच्या सुबुद्धपणावर रडले.

गट दुसऱ्या घरापाशी आला. वरचा मजला रस्त्यावर झुकलेला, भिंतीवर रंगवलेल्या खोट्या खिडक्या, दाराला हाताच्या आकाराची लोखंडी कडी. आणि कडीखाली ल्युबेन. इथे मी व्यापाऱ्याच्या बायकोची गोष्ट सांगते, म्हणजे ती सांगितली. नवरा लोकर विकायला व्हिएन्नाला जायचा, परतायला महिने लागायचे, आणि ती समोरच्या बाईशी वरच्या खिडकीतून खिडकीत कॉफीचे पेले द्यायची, कारण दोन्ही घरं वर एवढी जवळ आली आहेत की रस्त्यावर उतरायची गरजच नाही. ह्याला पुरावा काही नाही, गल्लीतली ऐकीव गोष्ट आहे, हे मी दर वेळी प्रामाणिकपणे सांगते. आजही सांगितलं. सांगताना माझी नजर कागदावर होती. आधी मला राग आला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी माझी कीव केली, बिचारी विसरली म्हणून, असं वाटलं. वाद्यवृंदातली ती दोघं मागे उरलेली ट्राँबोनवाली मंडळी असतील असंही वाटलं. पण ती दोघं दुपारपर्यंत झोपतात. मग मी खालच्या ओळी वाचल्या. "एक वर्ष झालं. ल्युबेन, ट्राँबोनवाला. आमच्या बाकावर बसायचा. त्याची जागा तशीच आहे. गल्लीतले सर्व शेजारी." आडनाव नाही, जन्मसाल नाही. नेहमीच्या कागदांवर असतात त्या अश्रूंच्या आणि देवदूतांच्या ओळीही नाहीत. कुठल्या बाकावर, हा प्रश्न मला पडला. आमच्या गल्लीत बाक नाही.

आणि मागच्या रांगेतला माणूस आठवला. आमचं लग्न झालं त्या उन्हाळ्यापासून हा खेळ चालू होता. माझी फेरी रोमन नाट्यगृहात संपते. संगमरवरी पायऱ्यांवर गट बसतो, मी खाली उभी राहते, मागे शहर आणि त्याच्यामागे निळे डोंगर. मी विचारते, काही शंका? आणि त्या क्षणी कुठून कोण जाणे, गटाच्या सगळ्यात मागे, डोक्यावर पर्यटकाची बावळट टोपी घालून ल्युबेन हात वर करून उभा असायचा. इंग्रजी त्याला येत नव्हतं. एक वाक्य तेवढं त्याने पाठ केलं होतं आणि ते तो ट्राँबोनसारखं लांबवत म्हणायचा: "मॅडम, तुमचा नवरा फार देखणा आहे म्हणतात, खरं का?" माणसं वळून बघायची, मग हसायची. आणि मी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "तशी आख्यायिका आहे. पुरावा मिळालेला नाही." दर वेळी हेच. त्याला दुसरा प्रश्न कधी सुचला नाही आणि मला दुसरं उत्तर कधी द्यावंसं वाटलं नाही. पाऊस असो, आमचं भांडण झालेलं असो, तो यायचा. भांडण झालेलं असलं तर टोपी उलटी घालायचा, एवढाच फरक. मी वेळेवर कधीच संपवत नाही, कधी लवकर कधी उशिरा, तरी तो नेमका त्या क्षणी कसा उगवायचा, हे मी आयुष्यात एकदाही विचारलं नाही. गेल्या वर्षभरात मात्र मी "काही शंका?" विचारलं की मागे बघते, आणि तिथे आकाश असतं.

तिसऱ्या दारावर तो होता. चौथ्यावरही. गडाच्या जुन्या दरवाजाच्या कमानीला मात्र कुणी हात लावलेला नव्हता, तिथे नुसता दगड होता. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. एकाही कागदाला चिकटपट्टी नव्हती. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून लाल लोकर ओवली होती आणि ती कडीला बांधली होती, गाठ मारून, दाराच्या रंगाला कुठेही न शिवता. मी तीन वर्षांपूर्वी घरोघर सांगत फिरले होते ते कुणीतरी शब्दन् शब्द ऐकलं होतं. चढावर सकाळचं ऊन आलं होतं, गोट्यांच्या रस्त्यावर डॅनिश माणसं पाय जपून टाकत होती, कुठल्याशा अंगणातून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता, आणि मला एकाएकी सगळ्यांचे आभार मानावेसे वाटले, दारं करणाऱ्या सुतारांचे, ती न विकणाऱ्या वारसांचे, लोकर कातणाऱ्या कुणाकुणाचे. हे भाबडं आहे, मला कळतं. पण वाटलं ते वाटलं.

तशी लाल लोकर गल्लीत एकच बाई विणते, ती बघून मला कळायला हवं होतं. पाचव्या दाराशी दोन्कामावशी उभी होती, काळ्या कपड्यांत, हातात मोठं भांडं, भांड्यावर फडकं. मावशी ऐंशीच्या पुढची, आणि नियम झाला तेव्हा माझी सगळ्यात मोठी डोकेदुखी. मी तिच्याकडे समजावायला गेले तेव्हा तिने मला पांढऱ्या साखरी मुरंब्याचा चमचा आणि गार पाणी दिलं, माझं सगळं ऐकलं आणि मान आडवी हलवली. आमच्याकडे मान आडवी हलवली की हो. आणि दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा कागद पुन्हा दारावर. तेव्हापासून आम्ही एकमेकींशी फक्त हवापाण्याबद्दल बोलत होतो.

"उशीर केलास," मावशी म्हणाली. "गहू गार झाला."

"मावशी, हे तू केलंस?"

"मी कशाला करू? मला काय छापता येतं? छापखान्यातल्या पोराने केलं. मी नुसती शिव्या देत उभी होते. त्याला देवदूत घालायचे होते."

"पण फोटो कुठला हा?"

"तुझ्या नवऱ्यानेच दिला." तिने फडकं काढलं. उकडलेला गहू, गेलेल्याच्या नावाने वाटतात तो, वर पिठीसाखर, साखरेवर अक्रोडांचा क्रूस. "म्हणाला, माझी बायको एक तर लावणारच नाही, नाहीतर चोरासारखा दिसतो तो लावेल. तू हा ठेव. काय गं, कुठला लावणार होतीस?"

मी पिशवी छातीशी धरली. मावशीने पिशवीकडे पाहिलं आणि भांडं दुसऱ्या हातात घेतलं. गट आमच्याभोवती उभा होता आणि एक गृहस्थ भांड्याचा फोटो काढत होते. मी त्यांना म्हटलं, दोन मिनिटं, ह्या आमच्या शेजारी आहेत. शेजारी, असं मी म्हणाले, जरी मी खाली राहते. मग मावशीने दार ढकललं आणि मला आत बघ म्हणाली. इतक्या वर्षांत मी ह्या घराच्या दर्शनी भिंतीबद्दल शेकडो वेळा बोलले असेन, पण अंगणाच्या त्या कोपऱ्यात कधी नजर टाकली नव्हती. गल्ली वळसा घेते आणि भिंतीपलीकडे मी व्यापाऱ्याच्या बायकोची गोष्ट सांगत उभी असते, नेमकं तिथे, भिंतीला आतून लागून, अंजिराच्या झाडाखाली एक लाकडी बाक होता. त्याच्यावर एक चपटी उशी, आणि उशीवर ती बावळट टोपी.

"इथे बसायचा," मावशी म्हणाली. "तू खालून गट घेऊन निघालीस की हा मागच्या वाटेने इथे यायचा, हळूहळू. आधी नुसता गंमत म्हणून बसायचा, माझ्या नवऱ्याबरोबर रकियाचा घोट घ्यायचा. नंतर दम लागायला लागला तेव्हा बसावंच लागायचं. तुला सांगू नको म्हणाला. तुला कळलं असतं तर तू त्याला घरी बसवलं असतंस."

"बसवलंच असतं."

"हां. म्हणून नाही सांगितलं. भिंतीला कान लावून ऐकायचा. आम्हाला बोलू द्यायचा नाही. 'गप्प बसा, आता व्यापाऱ्याची बायको आली. आता कॉफीचे पेले. आता ती म्हणेल पुरावा नाही.' आणि तू म्हणायचीस. मग टोपी घालून उठायचा, म्हणायचा, 'चला मावशी, माझा सूर आला.' मागच्या दाराने जवळची वाट आहे नाट्यगृहाला. शेवटी शेवटी मी त्याच्या दंडाला धरून पोचवायचे. त्याला वाटायचं तो मला पोचवतोय."

मी त्या बाकाकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: भिंतीच्या ह्या बाजूला मी, त्या बाजूला तो, मधे हातभर दगड, आणि मी अनोळखी माणसांना सांगत असलेलं तेच ते बोलणं तो वर्षानुवर्षं ऐकत बसलेला. घरी मी ह्यातलं एक वाक्य बोलले तर तो कानात बोटं घालायचा. कंटाळलेला नवरा म्हणून मी त्याची टिंगलही केली होती लोकांत. आणि हा माणूस माझ्या बोलण्यातल्या एका जागेची वाट बघत, मांडीवर टोपी घेऊन, वाद्यवृंदात बसावं तसा बसत होता. मला वाटत होतं की तो शेवटी एक मिनिट येतो. तो सगळा वेळ तिथेच होता. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, डॅनिश माणसांसमोरही नाही. दुःखाचं नव्हतं ते. आपल्याला जेवढं मिळालं असं आपण धरून चाललो होतो त्याच्या दुप्पट मिळालं होतं, आणि हे आज कळतंय, असं काहीतरी होतं. मी मावशीचा हात धरला. हातावर पिठीसाखर होती.

"मावशी, दारं खराब केली नाहीस," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"तू सांगितलं होतंस ना. मी मान हलवली होती."

मग मावशीने कागदी पेल्यांतून सगळ्यांना गहू वाटला. मी पाहुण्यांना सांगितलं की हा घेताना आमच्याकडे "देव त्याला क्षमा करो" म्हणतात, आणि आमची भाषा जिभेवर धरत, अडखळत, प्रत्येकाने ते म्हटलं. त्या उंच बाईंनी सगळ्यात शेवटी पेला घेतला. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता दोन्ही हातांनी माझा हात दाबला. वाटेत ठिकठिकाणच्या दारांतून माणसं मला मान लववत होती, ज्यांच्याशी मी तीन वर्षं नियमाच्या भाषेत बोलत होते तीच माणसं. मी प्रत्येकासमोर थांबले. गट मागे खोळंबला, आणि कुणीही घड्याळ पाहिलं नाही.

नाट्यगृहात ऊन चांगलंच चढलं होतं. माणसं पायऱ्यांवर बसली, काहींच्या हातात अजून गव्हाचे पेले होते. मी खाली उभी राहून माझं शेवटचं बोलणं सुरू केलं: हे सगळं किती काळ मातीखाली होतं, वर घरं होती, बागा होत्या, लोक इथे कपडे वाळत घालायचे, आणि खाली पायऱ्या आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं. हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले. आज ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. शब्द तेच ठेवले, पण सावकाश बोलले, कुणीतरी भिंतीपलीकडून ऐकत असेल तर त्याला टोपी शोधायला वेळ मिळावा इतक्या सावकाश. सगळं सांगून झालं. शहराचा गलबला खालून येत होता. मी विचारलं, "काही शंका?"

आणि सवयीने मागे पाहिलं. सगळ्यात वरच्या पायरीवर, आकाशाला टेकून, काळ्या कपड्यांत दोन्कामावशी उभी होती. मागच्या दाराने आली असणार. धाप लागली होती तिला. डोक्यावरच्या रुमालावर तिने ती बावळट टोपी चढवली होती, हात वर केला होता, आणि एक अक्षरही न समजता पाठ केलेलं ते इंग्रजी वाक्य ती म्हणाली, जिथे तो चुकायचा तिथे चुकत, जिथे तो लांबवायचा तिथे लांबवत:

"मॅडम, तुमचा नवरा फार देखणा आहे म्हणतात, खरं का?"

सगळे वळले. कुणी हसलं नाही. गल्लीतून येताना त्यांनी तोच चेहरा दारादारावर पाहिला होता, आणि आता ते पुन्हा माझ्याकडे बघत होते. मी घसा साफ केला. गंभीर चेहरा करायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

"हो, खरं आहे," मी म्हटलं. "आजवर नुसती आख्यायिका होती. आता पुरावा मिळालाय. परत जाताना सगळ्या दारांवर बघून घ्या."